सरदारबाबाकडे रजा मागू नये

बँकॉक, १४ जानेवारी, बुद्धवर्ष २५६६

काओ,

पाकीट फाडून फेकण्याआधी निदान एवढं वाच, की तुझा बाप मेलेला नाही. पत्र मुद्दाम तुझ्या गॅरेजच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी पाठवलं असतं तर तुझ्या आईनं ते पोस्टमनच्याच हातात परत कोंबलं असतं. फोन तीनदा लावून पाहिला. तिन्ही वेळा तीच बाई बोलली, संपर्क होऊ शकत नाही म्हणून. म्हणजे तू माझा नंबर अडवून ठेवलायस. तेवढं मला कळतं. इस्त्रीवाला असलो तरी मूर्ख नाही.

मुद्द्याचं बोलतो. यंदा तुला एकवीस पूर्ण. एप्रिलमध्ये तालुक्याच्या शाळेत जावं लागणार, शर्ट काढून रांगेत उभं राहावं लागणार आणि त्या डब्यात हात घालावा लागणार. काळं कार्ड आलं तर घरी, लाल आलं तर दोन वर्षं पलटणीत. तू भात कापायची यंत्रं दुरुस्त करतोस, मालक तुला कायमचा ठेवून घेणार आहे, हेही मला कळलंय. कुणाकडून ते विचारू नकोस. लाल कार्ड आलं तर मालक दोन वर्षं तुझी वाट पाहत बसेल का? छे.

म्हणून माझं ऐक. डब्यात हात घालूच नकोस. स्वतःहून भरती हो. स्वतःहून गेलास तर एकच वर्ष, आणि पलटण आपली आपण निवडता येते. तू आमची पलटण निवड. दहा आठवडे कवायत, पाय दुखतील, ओरडा खाशील, ते कुणाला चुकत नाही. पुढचं आमचे जनरलसाहेब बघतील. निवृत्त झाले असले तरी त्यांच्या घरून एक फोन गेला की काम होतं. तुला इथे बंगल्यावर धाडतील. सावलीतलं काम, तीन वेळचं जेवण. इस्त्रीच्या खोलीत तर एसी आहे! पांढऱ्या गणवेशावर घामाचा थेंब पडू नये म्हणून बसवलाय, पण थंड हवा ती थंड हवाच ना.

त्यांच्या बाईसाहेबांनी स्वतःहून तुझी चौकशी केली. "मुलगा केवढा झाला रे खाम्पुन?" म्हणाल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

आणखी एक. तुझ्या आईला सांग, काही झालं तरी वेशीवरच्या सरदारबाबाच्या ठाण्यावर जाऊन तुझ्यासाठी काळं कार्ड मागू नकोस म्हणावं. तो देव जिवंतपणी शिपाई होता, लढाईत पडला, म्हणून तर त्याचं ठाणं. त्याच्याकडे पीक मागा, म्हैस सापडू दे म्हणा, पोर होऊ दे म्हणा, सगळं देतो. पण शिपाईगिरीतून सुटका मागितली की त्याचं डोकं फिरतं. माझ्या वेळी तुझी आजी गेली होती. ती बिचारी नदीपलीकडची, तिला कुठलं ठाऊक! शंभर उकडलेली अंडी आणि लाकडी घोडा कबूल करून आली. माझ्या आधी अकरा जणांनी हात घातला, अकराही काळी. मी घातला आणि लाल. आजी मरेपर्यंत म्हणत राहिली, मीच माझ्या पोराला नेऊन दिलं.

अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे. चुकली तरी हरकत नाही, कार्डाच्या दिवशी डबा उघडण्याआधी टेबलाशी जाऊन नाव देता येतं.

तुझा बाप,
खाम्पुन

६ फेब्रुवारी

काओ,

तुझं उत्तर आलं. उत्तर कसलं, यंत्राच्या पट्ट्याच्या बिलामागे दोन ओळी. "आई म्हणते, तुम्ही तिला दोन वर्षांत परत येतो सांगून गेला होतात. ती दोन वर्षं कधी संपतात?" ना खाली सही, ना वर बाबा. अक्षर मात्र माझ्यासारखंच आहे, त्याला तू काही करू शकत नाहीस.

आधी राग आला. दोन दिवस मनातल्या मनात तुझ्याशी भांडलो. म्हटलं, शेंबड्या, तुझ्या शाळेचा गणवेश, तुझ्या हत्यारांची पेटी, सगळं कुठून आलं? मग ते दोन दिवसही संपले. विचारलंयस तर सांगतो.

दोन वर्षं वेळेवर संपली होती. माझं सामान बांधून झालं होतं. तेव्हा साहेब कर्नल होते. त्यांना बढती मिळणार होती, समारंभ महिन्यावर आला होता. बाईसाहेब म्हणाल्या, "खाम्पुन, एवढा एक महिना थांब. तुझ्यासारखी पँटीची घडी दुसऱ्या कुणाला जमत नाही." मी तेवीस वर्षांचं पोरगं. कर्नलची बायको माझ्याकडे काहीतरी मागतेय! मी फुगलो रे. आपण कुणीतरी आहोत असं पहिल्यांदा वाटलं. थांबलो. समारंभ झाला. मग त्यांच्या मुलीचं लग्न आलं, मग बदली, मग परत बढती. दर वेळी एकच महिना. कुणी दाराला कुलूप लावलं नव्हतं. लावलं असतं तर बरं झालं असतं, मी तोडलं तरी असतं.

मधे मी तुझ्या आईशी लग्न केलं, तेही सहा दिवसांच्या रजेत. तू झालास तेव्हा मी संचलनाचे अकरा गणवेश कांजीत बुडवत होतो. तू नऊ वर्षांचा होतास, मी नववर्षाला, सोंगक्रानला आलो होतो, आठवतं? तिसऱ्या दिवशी फोन आला आणि मी निघालो. बुआलायनं, तुझ्या आईनं, माझी पिशवी अंगणात आणून ठेवली आणि म्हणाली, "नुसतं जाण्यासाठी येत असाल तर येऊ नका." मी नाही आलो. बायकोचा शब्द पाळला बघ. कामचुकारपणालाही आज्ञापालन म्हणायची सवय मला पलटणीनं लावली.

पलटणीआधी मी काय करत होतो, हे तुला कुणी सांगितलं का? सुत गुरुजींकडे खेन, आपला बांबूच्या नळ्यांचा बाजा, बनवायला शिकत होतो. बांबू निवडणं, नळ्या कापणं, मेणानं बसवणं, सगळं आलं होतं. पितळेची पात तेवढी राहिली होती. नळीच्या आत ती नखाएवढी पात असते, ती अशी तासायची की फुंकर आत घेतली काय, बाहेर सोडली काय, सूर एकच यावा. डोळ्यांना दिसत नाही, ते बोटाच्या टोकाला कळतं. गुरुजी म्हणायचे, "पोरा, अजून दोन वर्षं, मग मी घरी बसतो आणि तू बाजारात बस." दोनच वर्षं! नेमकी तीच दोन वर्षं दुसऱ्यानं नेली.

असो. तुला तसं होणार नाही. तुझं एकच वर्ष आहे, आणि तुझा हुनर तुझ्या हातात पक्का आहे. नटबोल्ट वर्षभरात विसरत नाही माणूस. मनात अढी धरू नकोस. नाव दे आणि ये. माझ्याजवळ राहशील, एवढाच माझा स्वार्थ.

खाम्पुन

१२ मार्च

काओ,

मागच्या पत्रात "एवढाच माझा स्वार्थ" असं लिहिलं. ते खोटं होतं. महिनाभर ते वाक्य डोक्यातून जात नाही.

इथलं खरं सांगतो. जनरलसाहेबांना निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. दोन वर्षांपासून डोकं चालत नाही. रोज सकाळी सहाला ते खोलीच्या मधोमध हात पसरून उभे राहतात. मी बाह्या चढवतो, बटणं लावतो, पदकं टोचतो, गुडघ्यावर बसून बूट घालतो. मग ते माझी नखं तपासतात. "घाण आहे," म्हणतात. नसते, पण मी म्हणतो, "चुकलो साहेब." मग ते गच्चीत जातात, खाली रस्त्यावरून शाळेच्या रिक्षा जातात त्यांना सलाम ठोकतात, आणि अर्ध्या तासात दमून झोपतात. तेवढ्यासाठी रोज एक पांढरा गणवेश, कांजी घालून, कडक. कुणी बघायला नाही. गणवेश नीट नसला तर मात्र त्यांना कळतं. बाकी सगळं विसरले, बायकोचं नाव विसरले, पण पँटीची घडी वाकडी असली तर लहान मुलासारखे रडतात.

जानेवारीत मी बाईसाहेबांना म्हणालो होतो, "मला आता घरी जाऊ द्या." अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तोंड उघडलं. त्या चिडल्या नाहीत. कबुतरांना दाणे टाकत म्हणाल्या, "जा की. मी कुठे धरून ठेवलंय? फक्त साहेबांना तुझाच हात लागतो. तुझा मुलगा एकवीसचा झाला ना? वळण तेच असणार. तो आला, शिकला, की तू सुट."

कळलं आता, त्यांनी तुझी चौकशी का केली होती?

आणि मला काय वाटलं, तेही सांगतो, लपवत नाही. मला आनंद झाला. त्याच दुपारी बाजारात जाऊन चाकांची बॅग आणली. निळी. मनात म्हटलं, पोरगं तरणं आहे, एक वर्ष काय, चुटकीसरशी जाईल. एक वर्ष! मला त्या एक महिना म्हणाल्या होत्या, मी तुला एक वर्ष म्हणालो. शिकवण चांगली घेतली मी.

परवा तुझ्यासाठी इस्त्रीच्या टेबलाशेजारी गादी घातली. मापाला म्हणून स्वतः आडवा झालो. झोपल्या झोपल्या विचार करायला लागलो, तुला आधी काय शिकवायचं? इस्त्री नंतर. आधी वाकायला शिकवावं लागेल. त्यांच्यासमोरून जाताना कंबरेत किती वाकायचं, ते जेवत असताना भिंतीशी कसं उभं राहायचं, रागावले की नजर बुटांवर कशी ठेवायची. तुला मी सायकल शिकवली नाही, पोहायला शिकवलं नाही. आणि हे शिकवणार होतो! उठलो, गादी गुंडाळली, माळ्यावर टाकली.

येऊ नकोस. नाव देऊ नकोस. डब्यात हात घाल, जे निघेल ते निघेल. लाल निघालं तर दोन वर्षं जा, पण कुणी म्हणालं "तुझ्यासारखा हात नाही", तर मुद्दाम शर्ट जाळून ठेव. बापाचा एवढा एकच उपदेश आहे.

खाम्पुन

२ एप्रिल

काओ,

बाईसाहेबांना सांगितलं. माझा मुलगा येणार नाही, आणि मीही राहणार नाही. त्या म्हणाल्या, "बरं. आठवड्याभराचे गणवेश करून ठेव आणि जा." सात केले. निळी बॅग भरली. सात तारखेला निघताना किल्ली स्वयंपाकिणीच्या हातात देईन.

आठ तारखेला तुझं कार्ड आहे. मी येतोय. लांब उभा राहीन, तुला लाज वाटेल असं काही करणार नाही. तुझ्या आईला आधी सांगू नकोस, ती दाराला कडी लावून बसेल.

खाम्पुन

बँकॉक, १९ एप्रिल

काओ,

वर गावाचं नाव वाचलंस. हो, मी परत इथेच आहे.

तुला न सांगता पहाटेच्या बसनं निघून आलो. तू उठला असशील, चटई रिकामी बघितली असशील. तुझ्या आईनं काही म्हटलं का? नसेल. तिनं एवढंच म्हटलं असेल की जेवून घे.

त्या दिवशीचं सांगतो, कारण तू मधे बेशुद्ध होतास. शाळेच्या मैदानात दोरी बांधली होती, दोरीअलीकडे सगळे आईबाप. भरतीच्या साहेबानं आधी विचारलं, स्वतःहून येणारे कोण? तेव्हा तू मान वर केलीस आणि माझ्याकडे बघितलंस. बारा वर्षांत पहिल्यांदा. मी जोरात मान हलवली, नाही, नाही. शेजारची बाई म्हणाली, "अहो, मानेत लचक भरली काय?" तू बसून राहिलास. मग तुझं नाव, तुझा हात डब्यात. भोंग्यावरून "काळं!" ओरडले आणि तू तिथेच धाडकन आडवा. यंत्राखाली बिनधास्त झोपणारा माझा पोरगा! तुझी आई दोरी ओलांडून धावली. मीही धावलो, पण साहेबांच्या टेबलासमोरून जाताना मी कंबरेत वाकलो. सगळे धावतायत, रडतायत, आणि मी एकटा वाकून, हात जुळवून, हळूहळू. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तोवर तुझ्या तोंडावर पाणी मारूनही झालं होतं.

मग ते आठ दिवस. मला वाटलं होतं, माणूस घरी आला की घरचा होतो. पहाटे साडेचारला जाग यायची. तुमचे कपडे इस्त्री केले, मग चादरी, मग भांडी पुसायची फडकी. बुआलाय म्हणाली, "अहो, फडक्यांनाही?" पण त्या दिवशी ती हसली. मला मागचं सगळं मिळाल्यासारखं वाटलं. दुपारी चिकट भाताची टोपली, वाळकी मासळी, पपईचं सॅलड मधे ठेवून तुम्ही दोघं बसलात, आणि मी खांबाला लागून उभा. तू म्हणालास, "बाबा, बसा ना." बाबा म्हणालास. मी बसलो, दोन घास खाल्ले, आणि बुआलायनं पाण्यासाठी हात पुढे केला तसा ताडकन उठलो. तू म्हणालास, "कुणासमोर उठताय? आम्हीच आहोत." तुम्हीच होतात, ते मलाही कळत होतं. गुडघ्यांना कळत नव्हतं.

गुरुजींकडे माझा अर्धवट राहिलेला खेन तू जपून ठेवला होतास. तो तू माझ्या मांडीवर ठेवलास, पितळेच्या पाती आणि कानस शेजारी. सगळी सकाळ मी पाती तासत बसलो. आठवतंय ना, मी म्हणालो चष्मा नाही, उद्या बघू? चष्म्याचा काही संबंध नव्हता. अठ्ठावीस वर्षं वाफ घेऊन माझ्या बोटांची टोकं गुळगुळीत झालीत. पात जाड राहिली का पातळ झाली, मला काही कळेना. बारा पाती वाया घालवल्या. त्या मी परसात पुरल्यात, तुला सापडतील.

मग सोंगक्रान झाला. माझ्या हातांवर सुगंधी पाणी ओतून तू आशीर्वाद मागितलास. दुसऱ्या दिवशी बुआलाय अंड्यांची टोपली घेऊन सरदारबाबाच्या ठाण्याकडे निघाली. मी भडकलो. म्हटलं, "पत्रात बजावून सांगितलं होतं ना, तिकडे जाऊन काळं कार्ड मागू नका म्हणून! निघालं ते नशीब!"

ती म्हणाली, "काओनं कार्ड मागितलंच नाही."

"मग ही अंडी कशाची?"

"तुमची," म्हणाली. "तुमचं तिसरं पत्र आलं त्या दिवशी गेला होता. म्हणाला, माझं काय व्हायचं ते होऊ दे, आमच्या बाबांना तेवढं सोड. तुम्ही आलात, म्हणून फेडायला निघालेय."

मी वाटेतच खाली बसलो, काओ. आधी हसलो. वाटलं, आजीचा नातू शोभतो खरा! एवढं सांगूनही त्या शिपाईदेवाकडेच गेलास, आणि मागितलंस काय, तर एका शिपायाची सुटका. अरे, माझ्यासाठी मागितलंस! मग हसू थांबलं आणि दुसरंच सुरू झालं. बुआलायनं टोपली खाली ठेवली आणि माझ्या शेजारी बसली. बराच वेळ बसली.

त्याच संध्याकाळी इथल्या स्वयंपाकिणीचा फोन आला. सात गणवेश संपून दोन दिवस झाले होते. साहेब रोज सहाला हात पसरून उभे राहतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत, उभ्या उभ्या रडतात. बाईसाहेबांनी फोन करायला सांगितलेला नव्हता. ये असंही ती बाई म्हणाली नाही. तिनं फक्त काय चाललंय ते सांगितलं.

तू आता म्हणशील, सरदारबाबानं सूड घेतला, माझ्या मागण्यानंच बाबा परत गेले. तुझी आजी तसंच म्हणत गेली आणि त्यातच झिजून मेली. तू ते करू नकोस, म्हणून हे पत्र. मीसुद्धा आयुष्यभर त्या दगडावर सगळं ढकललं. लाल कार्ड त्यानं दिलं असेल, नसेल, देव जाणे. पण दोन वर्षांनंतरची सव्वीस वर्षं त्यानं नेली नाहीत. आणि परवा पहाटे तालुक्याच्या स्टँडवर खिडकीशी जाऊन "बँकॉक, एक" म्हणालो, तो मीच. तुझं मागणं पुरं झालं होतं. मला सोडलं होतं. मला सुटता आलं नाही.

अंडी फेडून टाक. कबूल केलेलं ठेवू नये. खेन तुझ्याकडेच राहू दे, पात बसवणारा एखादा सापडेल. आणि आईला सांग, या वेळी मी नुसता जाण्यासाठी आलो नव्हतो. खरंच नव्हतो.

सहा वाजत आले. साहेब उठून उभे राहिलेत, हात पसरून माझ्याकडे बघतायत. बाह्या चढवायच्या आहेत, म्हणून इथेच थांबतो.

तुझा बाप